हातापायातला धमनीचा फुगा ‘निरुपद्रवी’ नसतो

एक संदेश सगळीकडे फिरतोय: धमनीचा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, मेंदूत किंवा पोटात असेल तरच घाबरायचे. हातापायातला फुटत नाही. दुखत नसेल तर सोडून द्या, मालिशने बसतो, ऑपरेशन केले तर पाय जातो. यातला एक दावा अर्धा खरा आहे, आणि सर्वांत जास्त नुकसान तोच करतो.

‘फुटत नाही.’ गुडघ्यामागच्या लवणीतला अॅन्युरिझम क्वचितच फुटतो, हे खरे. पण त्याचा धोका गुठळीचा आहे. फुगलेल्या जागी रक्त घोळते, भिंतीला गुठळ्या धरतात, त्यांचे कण सुटून पोटरीतल्या नि पावलातल्या धमन्या एकेक करून बुजवतात. पुढे फुगाच बंद झाला की रक्ताला खाली जायला वाट उरत नाही. पाय थंड, पांढरा, बधिर पडतो, आणि तो वाचवायला काही तासच मिळतात.

‘दुखत नाही ना?’ बुजेपर्यंत अनेकदा काहीच जाणवत नाही. म्हणून सुमारे 2 सेंटीमीटरचा झाला, किंवा लहान असूनही आत गुठळी दिसली, तर त्रास नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करतात. डॉपलर सोनोग्राफीने, म्हणजे रक्ताचा प्रवाहही दाखवणाऱ्या सोनोग्राफीने, निदान होते. मात्र दुसरा पाय आणि पोटातली महाधमनी तपासल्याशिवाय ते पुरे मानू नये. जवळपास निम्म्या रुग्णांत दोन्ही गुडघ्यांमागे फुगे सापडतात.

मालिश? कृपा करून नको. गुठळी सुटेल. सुई टोचणे किंवा चिरा देणे त्याहून वाईट. ठोके लागत नाहीत म्हणूनही निर्धास्त होऊ नका, गुठळीने भरलेला फुगा धडधडत नाही.

‘ऑपरेशन म्हणजे पाय जाणार.’ 1785 मध्ये लंडनला शल्यचिकित्सक जॉन हंटर यांनी अशाच रुग्णाची धमनी मांडीत बांधली आणि पाय वाचवला. आजूबाजूच्या लहान धमन्यांनी रक्त पुरवले. आज रुग्णाच्याच पायातली शीर वापरून बायपास करतात आणि फुगा दोन्ही बाजूंनी बांधून टाकतात. काहींना धमनीच्या आतून आच्छादित स्टेंट, म्हणजे कापडासारखे अस्तर असलेली जाळीदार नळी, बसवता येतो, पण गुडघा सतत वाकतो, त्यामुळे तो प्रत्येकाला सोयीचा नसतो.

अँजिओग्राफीनंतर जांघेत होणारा खोटा अॅन्युरिझम (भिंत फुगत नाही, सुईच्या छिद्रातून झिरपलेले रक्त धमनीबाहेर साठते) मात्र लहान असेल तर अनेकदा आपोआप बंद होतो, नाहीतर सोनोग्राफीत बघत रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनचे इंजेक्शन देतात. पण तिथेही थांबायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पुन्हा सोनोग्राफी करून.