‘बॉल खातो’ म्हणे!

“मॅडम, पोरगा चांगला आहे हो तुमचा, पण बॉल खातो.”

गेल्या रविवारी मैदानाच्या कडेला, सगळ्या पालकांसमोर आणि माझ्या मुलाच्या देखत त्याच्या क्रिकेटच्या सरांनी मला हे ऐकवलं. बॉल खातो, म्हणजे चेंडू जास्त घेतो आणि धावा कमी करतो. तेव्हापासून जे डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

काय झालं होतं ते सांगते. पंधरा ओव्हरची मॅच. आमचा आठवीतला मुलगा ओपनिंगला. समोरच्या टोकाला एकेक जण यायचा, आल्या आल्या पाय बाजूला काढून घुमवायचा आणि दांडी गुल होऊन परत. पाच ओव्हरमध्ये वीसला पाच! समोरच्या टीमचा एक उंच पोरगा सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, सुरेख बाहेर काढत होता. माझा मुलगा तेवढा उभा राहिला. बाहेरचे सोडले, स्टंपातले दाबले, पायावर आलेल्या दोन चेंडूंना चौकार मारले. शेवटपर्यंत नाबाद, 44 चेंडूंत 17. टीम 63. तो नसता तर चाळीससुद्धा झाले नसते. आणि हरल्याचं खापर कुणावर फुटलं? त्याच्यावर. कारण स्कोअरिंगच्या अ‍ॅपमध्ये त्याच्या नावापुढे स्ट्राइक रेट, म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा, 38 लिहून आला. पहिल्याच बॉलला सिक्स मारायला जाऊन शून्यावर गेलेल्याची मात्र “इंटेंट चांगला होता” म्हणून पाठ थोपटली.

बॉल खातो म्हणजे काय? चोरी केली का त्याने? ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू ओळखून, बॅट वर उचलून तो सोडायला दोन वर्षं लागली त्याला. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोज्यात बॉल बांधून रोज संध्याकाळी शंभर-शंभर वेळा केलंय ते. ते शिकवलं कुणी? ह्याच सरांनी! तेव्हा “बॉल सोडता येणं हीच खरी बॅटिंग” म्हणत होते. आता फी भरणाऱ्या पालकांना रील टाकायला सिक्स हवेत, तर सरांची भाषाच बदलली. शेजारी बसलेले एक बाबा तर नऊ वर्षांच्या मुलाला स्कूप, म्हणजे वाकून चेंडू मागे उचलायचा फटका, शिकवा म्हणून मागे लागले होते. नऊ वर्षांच्या! त्याला अजून पॅड नीट बांधता येत नाहीत.

मी टू-डे मॅच शोधून दमले. नेरूळ, वाशी, ठाणे, सगळीकडे फोन केले. उत्तर एकच: “ताई, दोन दिवस मैदान कोण देणार?” कारण मला कळतं. मैदानावर जाळी आणि दिवे लावून, नकली गवत घालून त्याचं टर्फ केलं की ते तासावर भाड्याने जातं. ऑफिस सुटल्यावर आठ-दहा जण येतात, तासभर बॉक्स क्रिकेट खेळतात, पैसे देतात, जातात. रात्री बारापर्यंत तीच रांग. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तासाभराचा खेळ हवासा वाटतो, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांनी जरूर खेळावं. पण म्हणून वाढत्या मुलांना दिवसभर उभं राहायला गावात एक जागा ठेवायची नाही?

आणि मला कुणी टी-ट्वेंटीची वैरीण म्हणू नका. 1 जून 2008, पहिल्या आयपीएलची फायनल, आमच्या नेरूळच्या डीवाय पाटील स्टेडियमवर. राजस्थानने चेन्नईला अगदी शेवटच्या चेंडूवर हरवलं तेव्हा मी तिथे ओरडून घसा बसवून घेतला होता. तीन तासांत पोट भरतं, निकाल लागतो, पोराबाळांना घेऊन जाता येतं. ते मला आवडतं. पण एक आवडलं म्हणून दुसऱ्याचा गळा का दाबायचा?

ऑफिसात तर रोजचाच ताप. ऐरोलीला उतरल्यापासून सुरू. “टेस्ट कोण बघतं हो आता? पाच दिवस! बोअर!” आमच्या फ्लोअरवर हे सगळ्यात मोठ्याने म्हणणारा सहकारी 4 ऑगस्ट 2025 ला दुपारी साडेतीनला कुठे होता ठाऊक आहे? मीटिंगमध्ये टेबलाखाली मोबाइल धरून लंडनच्या ओव्हलवरची भारत-इंग्लंड टेस्ट बघत होता. इंग्लंडला 35 हव्या होत्या, चार विकेट हातात. त्यांचा वोक्स निखळलेल्या खांद्याचा हात गळ्यात बांधून, एका हातात बॅट घेऊन आला तेव्हा ह्याच माणसाने मीटिंग सोडून बाहेर धाव घेतली. आपण 6 धावांनी जिंकलो तर हाच नाचत होता.

अरे, पण तो शेवटचा तास एवढा चढला कशामुळे? आधीच्या चोवीस दिवसांमुळे! त्या मालिकेतल्या पाचही टेस्ट पाचव्या दिवसापर्यंत गेल्या होत्या. आदल्या दिवशी आपल्या सिराजने इंग्लंडच्या ब्रूकचा झेल पकडला आणि पाय सीमारेषेच्या दोरीवर पडला. विकेटऐवजी सिक्स. ब्रूक तेव्हा 19 वर होता, पुढे 111 करून गेला. त्या रात्री सिराजला झोप कशी लागली असेल? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची दांडी उडवली ती त्यानेच. टी-ट्वेंटीत हे कुठून होणार? तिथे चुकलेला माणूस चुकलेलाच घरी जातो, मॅच संपून दिवेसुद्धा विझलेले असतात. टेस्ट त्याला एक रात्र देते आणि पुन्हा हातात बॉल देते. ह्याला बोअर म्हणताना जीभ कशी झडत नाही?

ह्याच लोकांची दुसरी बोंब ऐका. नोव्हेंबर 2024, वानखेडे, न्यूझीलंडविरुद्ध 147 हवे होते, आपण 121 ला गुंडाळलो. पुढच्या नोव्हेंबरमध्ये ईडनवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 124 हवे होते, 93 वर डाव संपला. तेव्हा लोकलमध्ये हेच ओरडत होते, “कुणाला उभंच राहता येत नाही! डिफेन्सच नाही!” कुठून येणार डिफेन्स? तेराव्या वर्षी जो डिफेन्स करतो त्याला तुम्ही बॉल खातो म्हणून बाहेर बसवता. बोर्डाची सोळा वर्षांखालची विजय मर्चंट स्पर्धा आजही तीन दिवसांच्या सामन्यांची आहे. तिथे कुणाला पाठवणार, आठ ओव्हरवाल्यांना?

ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या टेस्टला, जानेवारी 2021 मध्ये आपला हनुमा विहारी मांडीचा स्नायू दुखावलेला असताना 161 चेंडू खेळला. 23 धावा. टी-ट्वेंटीत अख्ख्या संघाला 120 चेंडू मिळतात. आठवडाभराने ब्रिस्बेनला पुजाराने बरगड्यांवर, हातावर, हेल्मेटवर फटके घेत 211 चेंडूंत 56 केल्या, म्हणून शेवटी पंतला मारायला मॅच उरली. ते दोघेही बॉलच खात होते का?

आणि टेस्टमध्ये धावा होत नाहीत म्हणणाऱ्यांनी डिसेंबर 2023 मध्ये नेरूळला यायला हवं होतं. भारत-इंग्लंड, महिलांची टेस्ट, माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. मी दोन दिवस रजा टाकली तर ऑफिसात विचारलं, “बायकांची टेस्ट? त्याला रजा?” पहिल्या दिवशी आपल्या 7 बाद 410 झाल्या. एका दिवसात! दुसऱ्या दिवशी दीप्ती शर्माने 7 धावांत 5 बळी घेतले. तिसऱ्या दिवशी आपण 347 धावांनी जिंकलो. महिलांच्या कसोटीतला धावांच्या फरकाने मिळालेला तो सगळ्यात मोठा विजय. मुलगा मांडीवर डबा ठेवून बघत होता, पोळी हातात तशीच. जेमिमा रॉड्रिग्जने तेव्हा आपल्या पहिल्याच टेस्टमध्ये 68 केल्या होत्या. दोन वर्षांनी त्याच मैदानावर वर्ल्ड कपच्या सेमीफायनलमध्ये ती ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 करून उभी राहिली, तेव्हा फायनलचं तिकीट मिळेल का म्हणून मला फोन कुणाचे आले? त्याच रजेला हसणाऱ्यांचे.

आपल्या कल्याणचा तुषार देशपांडे 2024 च्या रणजी क्वार्टर फायनलला मुंबईकडून अकराव्या, म्हणजे शेवटच्या नंबरवर येऊन 123 करून गेला. शेवटच्या जोडीने 232 जोडल्या. कल्याण म्हणजे आपल्याच जिल्ह्यातलं. आमच्या अकादमीतल्या किती पालकांना हे माहीत आहे? मी विचारलं. एकालाही नाही. आयपीएलमध्ये त्याला किती पैसे मिळाले ते मात्र तिघांनी सांगितलं.

मुलगा रविवारपासून काही बोलला नव्हता. काल रात्री जेवताना म्हणाला, “आई, मी पहिल्या बॉलपासून मारू का?” माझा घास तिथेच अडकला.

येत्या रविवारी आठ ओव्हरची मॅच आहे. त्याला अकरावा म्हणून घेतलंय, बॅटिंग येणार नाही हे सरांनी आधीच कळवून ठेवलंय. टर्फच्या भाड्यातला त्याचा वाटा शनिवारपर्यंत भरा, असा ग्रुपवर मेसेजही येऊन पडलाय.