बेकचं ‘लूझर’ हे आळशी माणसाचं गाणं नाही

अमेरिकी गायक बेकच्या ‘लूझर’ (म्हणजे ‘हरलेला’) या गाण्याबद्दलचा एक मजकूर सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: हे गाणं म्हणजे नव्वदच्या दशकातल्या कामचुकार अमेरिकी पोरांचं राष्ट्रगीत. बेक स्वतःही तसलाच, वर वशिल्याचा. गाणं अपघाताने झालं, रातोरात गाजलं आणि पुढे त्याच्याकडून काही झालं नाही. यातला अपघाताचा भाग तेवढा अर्धामुर्धा खरा आहे. बाकीचं साफ चुकीचं आहे आणि एका कष्टाळू कलावंतावर अन्याय करणारं आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी कामचुकारपणाचं बघू. बेक हॅन्सनचा जन्म 1970 चा, लॉस एंजेलिसचा. हायस्कूलच्या वयातच त्याची शाळा सुटली. मित्राच्या घरी जुन्या ब्लूज गायक-गिटारवादक मिसिसिपी जॉन हर्टची रेकॉर्ड कानावर पडली आणि ब्लूजचं, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या त्या जुन्या लोकगीतांचं, वेड लागलं. बोटांनी तारा छेडायची ती पद्धत तो ऐकून ऐकून शिकला आणि शहरातल्या बसमध्ये ती गाणी म्हणत फिरला. 1989 साली बसनेच न्यूयॉर्कला गेला, तिथल्या ‘अँटी-फोक’ मंडळींत (लोकगीतांना पंकचा बंडखोर बाज देणाऱ्या गायकांत) वावरला, हाती पैसा नाही म्हणून परत आला. त्यानंतरची राहायची जागा म्हणजे उंदरांनी भरलेली एक शेड. व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात काम कर, यंत्राने पालापाचोळा उडवून अंगणं साफ कर, असं चाललं होतं. पुढे मुलाखतींत त्याला ‘आळशी पिढीचा आवाज’ म्हणायला लागले तेव्हा तो चिडून म्हणाला, आळस करायला मला फुरसत होतीच कुठे, तासाला 4 डॉलरच्या कामावर जगायची धडपड चालली होती. ज्याने ते दिवस काढले त्याचं हे म्हणणं आहे. त्यापुढे तिसऱ्याच कुणीतरी चिकटवलेली पाटी खरी मानायचं काही कारण नाही.

वशिल्याचं म्हणाल, तर वडील डेव्हिड कॅम्पबेल नामवंत संगीत संयोजक आहेत आणि आई बिबी हॅन्सन चित्रकार अँडी वॉरहॉलच्या वर्तुळातली, हे खरं. पण आईवडील विभक्त झाले, पोरगा आईकडे वाढला आणि वर सांगितलेली शेड त्यानंतरची आहे. वशिला असता तर ‘लूझर’ मोठ्या कंपनीकडून आलं असतं. ते आलं ‘बाँग लोड’ नावाच्या चिमुकल्या लेबलकडून (रेकॉर्ड कंपनीकडून), मार्च 1993 मध्ये, बारा इंची रेकॉर्डच्या जेमतेम 500 प्रतींत.

आता अपघात. गाणं कार्ल स्टीफन्सनच्या घरी सहासात तासांत झालं, हे बरोबर. स्टीफन्सन ह्यूस्टनच्या ‘रॅप-अ-लॉट’ या हिप-हॉप लेबलसाठी काम केलेला निर्माता. बाँग लोडच्या टॉम रॉथरॉकने दोघांची गाठ घालून दिली. बेकने स्लाइड गिटारवर एक तुकडा वाजवला, स्टीफन्सनने तो रेकॉर्ड करून त्याचा लूप केला, म्हणजे तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहील असा जोडला, आणि त्याखाली जॉनी जेन्किन्सच्या 1970 च्या रेकॉर्डमधला ड्रमचा तुकडा घातला. हा जेन्किन्स म्हणजे प्रसिद्ध सोल गायक ओटिस रेडिंग सुरुवातीला ज्याच्या बँडमध्ये गायचा तो अमेरिकेतल्या जॉर्जियाचा गिटारवाला. वर सतार चढवली तीही स्टीफन्सननेच. बेक जागच्या जागी शब्द लिहीत ‘पब्लिक एनेमी’ या रॅप गटाच्या चक डीसारखं रॅप करायला गेला. रेकॉर्ड केलेलं ऐकल्यावर त्याला आपलं रॅप इतकं भिकार वाटलं की त्या वैतागातूनच गाण्याचं पालुपद आलं. म्हणजे ‘मी हरलेला’ हे कुठल्याही पिढीचं घोषवाक्य नव्हतं, आपल्याला रॅप जमत नाही ही एका गायकाची तक्रार होती.

आणि शब्दांतला तो चक्रमपणाही आयत्या वेळचा नाही. क्लबांमध्ये तो जीव तोडून सन हाउस या जुन्या ब्लूज गायकाचं गाणं वाजवायचा आणि लोक गप्पा मारत बसायचे. मग कुणाचं लक्ष आहे का ते बघायला तो मध्येच काहीतरी अचाट शब्द जुळवून गायचा. ‘लूझर’ ही त्याचीच पुढची पायरी, असं तो स्वतः सांगतो. हा अपघात असेल, तर वर्षानुवर्षांच्या रियाजावर झालेला आहे. गाण्याच्या मध्यात येणारा बोललेला तुकडाही कान देऊन ऐका. तो मित्र स्टीव्ह हॅन्फ्टच्या ‘किल द मूनलाइट’ या चित्रपटातला आहे. शर्यतीचा ड्रायव्हर होऊ पाहणारा नायक त्यात म्हणतो की मी जिंकणारा आहे आणि दिवस पालटणार आहेत. हार मानलेल्या माणसाच्या गाण्यात हा तुकडा कशाला असेल?

रातोरात? रेकॉर्डिंगनंतर ते वर्षाहून जास्त पडून होतं. बेकलाच त्याचं फारसं कौतुक नव्हतं, रॉथरॉकने मागे लागून ते काढायला लावलं. मग लॉस एंजेलिसच्या कॉलेज रेडिओने उचललं, मग तिथल्याच केआरओक्यू या मोठ्या रेडिओ केंद्राने, मग इतर शहरांनी. 1994 च्या सुरुवातीला ‘डीजीसी’ या मोठ्या कंपनीने ते पुन्हा काढलं तेव्हा कुठे ते लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्डच्या मुख्य यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेलं.

‘पुढे काही नाही’ याला उत्तर द्यायचीही गरज वाटू नये. डीजीसीशी करार करताना छोट्या लेबलांकडूनही रेकॉर्ड काढायची मुभा त्याने मिळवली आणि 1994 या एका वर्षात तीन अल्बम काढले. 1996 च्या ‘ओडिले’ला ग्रॅमी मिळालं, 2015 साली ‘मॉर्निंग फेज’ला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते असं, की त्या अख्ख्या मजकुरात स्टीफन्सनचं नावच नाही. गाण्याच्या श्रेयात तो बेकच्या बरोबरीने आहे. लूप त्याचा, सतार त्याची, घर त्याचं. त्याचा स्वतःचा ‘फॉरेस्ट फॉर द ट्रीज’ हा अल्बम रखडत रखडत 1997 मध्ये आला आणि त्यातलं ‘ड्रीम’ रेडिओवर बऱ्यापैकी वाजलं. तो मजकूर पुढे पाठवायचाच असेल, तर निदान हे नाव घालून पाठवा.