इतिहासाच्या बी.ए.ला आफ्रिकेचा पेपर हवाच

मलिक अंबर म्हटलं की गनिमी काव्याने मुघलांना जेरीस आणणारा निजामशाहीचा वजीर आठवतो. १६१० साली त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. पण त्याच्या आधीच्या आयुष्याबद्दल आमच्या वर्गात 'हबशी गुलाम', म्हणजे इथिओपियाकडचा गुलाम, एवढंच सांगितलं गेलं. मी इतिहासात एम.ए. केलं. फ्रेंच राज्यक्रांती दोनदा शिकले. आफ्रिका मात्र भेटली ती युरोपीय देशांनी तिचे लचके तोडले त्या प्रकरणात, तेवढीच.

अंबर १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मला. नाव चापू. लहानपणीच विकला गेला, हातोहात बगदादपर्यंत पोचला, तिथून दख्खनला. मधल्या एका धन्याने त्याला शिकवलं. अहमदनगरात त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा (मुख्य प्रधान) चंगीझखान स्वतःच हबशी होता! अमेरिकेतल्या ऊस-कापसाच्या मळ्यांवरची गुलामगिरी डोळ्यांसमोर ठेवून हे उलगडत नाही. इथला गुलाम हाती तलवार घेत होता, मोकळा होऊन सरदार बनत होता. दख्खनच्या सुलतानांना परक्या मुलखातले लढवय्ये का हवे होते, इथिओपियातली मुलं बाजारात कुणी आणली, हे कळल्याशिवाय आपलंच सतरावं शतक अर्धं राहतं.

अमेरिकेतही हा विषय कुणी आपणहून दिला नाही. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ला कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य विद्यार्थ्यांनी संप सुरू केला. पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, शेकडोंना अटक झाली, तरी मार्चपर्यंत हटले नाहीत. तेव्हा कुठे कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग पदरात पडला.

आणि आपण? जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी मोडायला झटलेल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दलित पँथरने १९७२ साली नावच तिकडच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतलं. एवढा धागा असताना आमच्या पोरांना ड्यू बॉईस कोण ते माहीत नसावं, याचा मला राग येतो.

अभ्यासमंडळावरच्या सर-मॅडमना माझी विनंती आहे: निदान एक पेपर द्या. सुरुवात गुलामांच्या जहाजापासून करू नका. इथिओपियातल्या अक्सुमच्या प्राचीन राज्यापासून, पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या साम्राज्यापासून करा. मग अटलांटिकवरचा गुलामांचा व्यापार, मग हिंदी महासागरातला. सहल जंजिऱ्याला न्या, खुलताबादला अंबरच्या कबरीवर न्या. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या, मूळच्या आफ्रिकी सिद्दी समाजातल्या माणसांना वर्गात बोलवा, मानधन देऊन.