अळीचं प्रमाणपत्र

रविवारी भरल्या वांग्यांचा बेत ठरला आणि काटेरी वांगी आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "सेंद्रियच आणा. ते बीटी-फीटी नको," हिने बजावलं.

बीटी वांगं, म्हणजे अळी लागू नये म्हणून एका जिवाणूचं जनुक घातलेलं वांगं, आपल्याकडे मिळतच नाही, हे मी पिशवी शोधता शोधता सांगून पाहिलं. २००९ मध्ये केंद्राच्या समितीने होकार दिला होता, पण फेब्रुवारी २०१० मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी स्थगिती दिली. पिकतं ते बांगलादेशात.

"मग तिथून आणू नका," ही म्हणाली.

बाजारात साधी वांगी ६० रुपये किलो, तुकतुकीत. सेंद्रियवाल्याकडे १४०, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. मी वाचलेल्या माणसाच्या थाटात प्रमाणित सेंद्रिय मालावर असतं ते 'जैविक भारत'चं हिरवं चिन्ह कुठंय, असं विचारलं.

"आमचीच शेती आहे साहेब. छोट्या शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकलं तर सर्टिफिकेट लागत नाही." हे खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला. मग त्याने एक वांगं मोडून पुढे धरलं. आत गुलाबीसर अळी, निवांत. "औषध मारलं असतं तर ही जगली असती का?"

बिनतोड! किडक्या वांग्यांना किलोमागे ८० रुपये जास्त मोजून मी विजयी मुद्रेने वळलो, तोच शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आमच्यातबी निघते की अळी. साठ रुपयांत."

त्यांचंही खरंच. ही अळी एकदा फळात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून तर शेतकरी पुन्हा पुन्हा फवारत राहतो. आणि गंमत अशी, की ज्या जिवाणूचं जनुक घालून बीटी वांगं केलं, तोच जिवाणू सेंद्रिय शेतीत फवारायला चालतो. हे घरी सांगायचं नाही, असं मी रिक्षातच ठरवलं.

किलोभर वांग्यांतली निम्मी कचऱ्यात गेली. उरलेली निवडताना ही खूश होती. "बघा, अळ्या आहेत म्हणजे अस्सल!"

मी तोंडात टाकायला फरसाणाची पुडी उघडली. मागे बारीक अक्षरांत 'सरकी तेल'. २००२ पासून आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी आहे, आणि आता बहुतेक सगळा कापूस बीटीच. सरकी त्याचीच.

"काय वाचताय एवढं?"

"एक्स्पायरी," म्हणालो आणि पुडी तिच्यापुढे केली.