चाळीस किलोचा जिताडा आणि पुढे केलेले हात

कोकणातल्या मासेप्रेमींच्या ग्रुपांवर सध्या एक फोटो फिरतोय. विशीतला एक मुलगा, कमरेपासून वरचा, दोन्ही हातांत आडवा धरलेला जिताडा. फोटोची अख्खी रुंदी माशानेच भरलेली. खाली मजकूर: ‘रेवदंड्याच्या खाडीत गळाला लागला पाच फुटी, चाळीस किलोचा नर जिताडा! एडिटिंग अजिबात नाही, अ‍ॅपवर तपासून घेतलंय. मागे माणूस उभा आहे, स्वतःच तुलना करा. वजनकाट्याचा फोटोही सोबत. आणि म्हणे खाड्या रिकाम्या झाल्या!’ दुसऱ्या ग्रुपवर हाच मासा दाभोळच्या खाडीत निघाला, तिसऱ्यावर देवगडला. गाव बदलतं, मुलगा तोच आणि मासाही तोच.

जिताडा एवढा वाढतच नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. दोन मीटर लांबी आणि साठ किलोपर्यंत वजन अशी त्याची कमाल नोंद आहे. पण रॉडने पकडलेल्या जिताड्याचा जागतिक विक्रम आहे 44.64 किलोचा, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मंडुरन तलावातला, 2010 सालचा. म्हणजे फॉरवर्ड खरा धरला, तर विक्रमाच्या अगदी जवळचा मासा आपल्या खाडीत गरवला गेला आणि एकाही बातमीदाराला त्याचा पत्ता लागला नाही. पेण-अलिबागकडे जिताड्याची वर्दी कशी पोचते हे ज्याला माहीत आहे, त्याला एवढ्यावरच शंका यावी. तरीही एकेक दावा घेऊ.

‘एडिटिंग अजिबात नाही.’

मान्य. मला तर खात्रीच आहे की नाही. गरजच काय? मुलाने मासा छातीशी न धरता हात लांबवून कॅमेऱ्यापुढे धरलाय आणि तेवढं पुरतं. वस्तू कॅमेऱ्यापासून निम्म्या अंतरावर आली की दुप्पट दिसते, हा साधा हिशेब. समजा फोटो काढणारा मुलापासून 1.4 मीटरवर उभा होता आणि मासा मुलाच्या अंगापासून 55 सेंटिमीटर पुढे. मग मासा कॅमेऱ्यापासून 85 सेंटिमीटरवर येतो, आणि 1.4 भागिले 0.85 म्हणजे मुलाच्या तुलनेत तो साधारण 1.65 पट मोठा दिसतो. तोच मुलगा, तोच मासा, तसेच लांबवलेले हात. फक्त फोटो काढणारा साडेपाच मीटरवर जाऊन झूम करता, तर हा फायदा जेमतेम दहा-अकरा टक्क्यांवर आला असता.

मोबाईलचा दोष एवढाच की त्याची मुख्य लेन्स बरीच रुंद असते, जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या मापाने 24 ते 26 मिलिमीटरची. त्यामुळे फोटो काढणारा आपोआप जवळ जातो, आणि मासा कशामुळे फुगतो तर त्या जवळ जाण्यामुळे. शिवाय मोबाईलचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, लहान; त्यामुळे मासाही स्पष्ट, मागचा चेहराही स्पष्ट. मागचा माणूस धूसर झाला असता तर दोघांत अंतर आहे हे डोळ्याला कळलं असतं; इथे दोघे एकाच जागी असल्यासारखे वाटतात. हे सगळं झाल्यावर एडिटिंग तपासणारं अ‍ॅप बिचारं काय सांगणार? फोटो अस्सलच आहे.

अमेरिकेत कॅन्ससमधल्या ऑटावा गावचा विल्यम मार्टिन 1908 च्या सुमारास राक्षसी मासे आणि राक्षसी कणसांची पोस्टकार्डं छापून विकत असे. त्याला वेगवेगळे फोटो कापून एकावर एक चिकटवावे लागायचे. आणि घेणाऱ्याला ती गंमत आहे हे ठाऊक असायचं.

‘मागे माणूस उभा आहे, तुलना करा.’

करूच. पण त्या माणसाच्या कुठल्या भागाशी? चेहरा माशाच्या मागे अर्ध्या मीटरवर आहे, तो तुलनेला कुचकामी. माशाच्या बरोबर, कॅमेऱ्यापासून तेवढ्याच अंतरावर फक्त एक गोष्ट आहे: मासा धरणारा हात. या फोटोत शेपटीच्या मुळाशी धरलेली मूठ नीट दिसते, चारही बोटांची पेरं मोजता येतात. आता त्या मुठीची रुंदी आणि चेहऱ्याची रुंदी पट्टीने मोजून बघा. मोठ्या माणसाची मूठ चार बोटांत साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास आणि चेहरा तेरा-चौदा. म्हणजे मूठ चेहऱ्याच्या साठ-पासष्ट टक्के दिसायला हवी. फोटोत ती चेहऱ्याएवढी आहे! मुलाचे हात राक्षसाचे असल्याशिवाय याचा एकच अर्थ: जेवढी मूठ फुगली, तेवढाच मासाही फुगला.

मग मासा मुठीनेच मोजू. तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत अकरा मुठी भरतात. अकरा गुणिले साडेआठ, म्हणजे 93-94 सेंटिमीटर. तीन फुटांना थोडा जास्त. खाडीतून असा जिताडा निघाला तर कुणीही पोराची पाठ थोपटेल, मीही. पण तो पाच फुटी नव्हे.

ज्या फोटोंत बोटं माशाच्या मागे दडवलेली असतात किंवा हात कोपरापासून कापून फोटो पुढे पाठवलेला असतो, तिथे हे मोजमाप जमत नाही. असा फोटो आला की मी लांबीबद्दल बोलतच नाही. बंदरावर क्रेनला लटकवलेल्या मोठ्या माशांच्या फोटोतही हीच गोम असते: मासा पुढे, आणि हौशी मंडळी दीड-दोन पावलं मागे रांगेत उभी.

‘चाळीस किलो.’

खरी फसगत इथे आहे, कारण इथे डोळ्याची चूक घनाच्या पटीत वाढते. मासा लांबीला वाढतो तसा उंचीला आणि जाडीलाही वाढतो, म्हणून वजन साधारण लांबीच्या घनाप्रमाणे चढतं. लांबी सव्वापट धरली की वजन जवळजवळ दुप्पट होतं. तीन फुटांचा मासा पाच फुटांचा समजलात, तर वजन साडेचार पटीपेक्षा जास्त धराल. 93 सेंटिमीटरचा जिताडा दहा किलोच्या आसपास भरतो. दहाला साडेचारने गुणा, फॉरवर्डमधले चाळीस किलो कुठून आले ते लगेच दिसेल. कुणी मुद्दाम खोटं बोललं असेलच असं नाही. फोटो बघून अनुभवी माणसाने अंदाज केला तरी तो इथवरच जाईल. तांडेलाचा, म्हणजे होडीच्या नाखव्याचा, अंदाज मी डोळे झाकून मानेन, पण मासा त्याच्यासमोर फळीवर पडलेला असेल तेव्हा.

‘नर जिताडा.’

जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. चाळीस किलोचा असता तर ती जवळपास नक्की मादी असती. पुढे चला.

‘वजनकाट्याचा फोटोही सोबत.’

त्या फोटोत काटा आहे, त्यावर चाळीसच्या वरचा आकडा आहे, आणि फोटोच्या कडेला निळ्या क्रेटचा कोपरा. मासा कुठे आहे? क्रेटमध्ये काय आहे, बर्फ किती, त्यात आणखी किती मासे, काही दिसत नाही. मासेमारीचे जागतिक विक्रम नोंदवणारी इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन 1939 पासून हेच काम करते. तिच्या नियमांत काटा प्रमाणित लागतो, वजन जमिनीवर करावं लागतं, हेलकावे खाणाऱ्या बोटीत केलेलं चालत नाही, आणि फोटोत पूर्ण मासा, रॉड आणि तो काटा दिसावा लागतो. मासा आडवा ठेवून फोटो काढलात तर शेजारी टेप ठेवा, असंही ती सांगते. आपल्याला विक्रम नोंदवायचा नाही, कबूल. पण आकडा आणि मासा एका फोटोत असावेत, एवढं तरी?

‘आणि म्हणे खाड्या रिकाम्या झाल्या!’

एका माशावरून खाडी भरलेली ठरत नाही, मग तो दहा किलोचा असो की चाळीसचा. पण म्हणून फोटोंवरून काहीच कळत नाही, असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरात हौशी मासेमार दिवसभराची शिकार धक्क्यावरच्या फळ्यांना टांगून फोटो काढत. लॉरेन मॅक्लेनाकन या संशोधिकेने 1956 ते 2007 या काळातले असे फोटो जमवून त्यांतले मासे मोजले. फळीचं माप माहीत होतं आणि मासे फळीलाच टेकून लटकत होते. मूठ पुढे, चेहरा मागे असा घोळ नव्हता. सरासरी मासा 19.9 किलोवरून 2.3 किलोवर आल्याचं तिने 2009 मध्ये प्रसिद्ध केलं. फोटोंतली माणसं मात्र शेवटपर्यंत तेवढीच हसत होती.

आपल्याकडे असं काही करायचं तर हातात धरलेल्या जिताड्यांचे फोटो बाजूला ठेवावे लागतील. हर्णैच्या किनाऱ्यावर, मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावाच्या वेळी काढलेले जुने फोटो कुणाच्या तरी कपाटात असणार. वाळूवर किंवा फरशीवर ओळीने मांडलेले मासे, आणि त्यांना चिकटूनच क्रेट किंवा टोपली. क्रेटचं माप आजही घेता येतं.