लेझीमच्या रांगेत सॉर्टिंग

एका लेखात मुलांना संगणकातला ‘लूप’ (तीच कृती पुन्हा पुन्हा करणं) नाचातून शिकवायचं म्हटलंय. आमच्या माण तालुक्यातल्या पोरांना ते अंगवळणी आहेच: लेझीमचे ठोके संपले की पुन्हा पहिल्यापासून, शिट्टी वाजेपर्यंत. लूपही आला, अटही आली.

मला जास्त गंमत सॉर्टिंगची, म्हणजे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमानं लावण्याची, वाटते. २०११ च्या सुमारास रोमानियातल्या सापिएन्तिया विद्यापीठाने लोकनृत्यातून बबल सॉर्ट (शेजारचे दोन-दोन आकडे ताडत क्रम लावायची रीत) दाखवला होता. ते बघून सहावीची आठ पोरं हलगीच्या तालावर रांगेत उभी केली, छातीवर आकडे लावून. शेजारच्या दोघांनी ठोक्यावर समोरासमोर यायचं, डावीकडचा आकडा मोठा असला तर जागा बदलायच्या.

पहिल्यांदा पार फज्जा! आकडे दिसत होते, त्यामुळं सगळी थेट आपापल्या जागेवर पळाली. संगणकाला अख्खी रांग एकदम दिसत नाही, तो एका वेळी दोनच आकडे ताडून बघतो, हे तिथंच सांगता आलं. मग चिठ्ठ्या मुठीत लपवल्या. पहिल्या फेरीअखेर सर्वांत मोठा आकडा बरोबर उजव्या टोकाला. सगळ्या फेऱ्या मिळून २८ तुलना. हलगीवाला वैतागला, ते वेगळंच.

तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, “सर, एका फेरीत कुणीच हललं नाही, तर पुढं कशाला नाचायचं?” ही सुधारणा मी अजून शिकवलीच नव्हती.