डॉल्बीवर निबंध पुरे, आता डॉल्बीचा तास घ्या

गणेशोत्सव संपला की आपल्या कोल्हापुरातल्या अनेक शाळांमध्ये ‘डॉल्बी : शाप की वरदान’ या धर्तीचा निबंध किंवा वक्तृत्व स्पर्धेचा विषय हमखास येतो, आणि नुकतीच महाद्वार रोडवर मध्यरात्रीपर्यंत नाचून आलेली मुले व्यासपीठावर उभी राहून ध्वनिप्रदूषणाचे दुष्परिणाम घडाघडा म्हणून दाखवतात. बक्षीसही त्यांनाच मिळते. मी माध्यमिक शाळेत शिकवतो आणि अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो, त्यामुळे हा प्रकार माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. ज्या संगीताने ही मुले भारून जातात ते त्यांना का भारते, हे आपण त्यांना शाळेत कधीच विचारत नाही. माझ्या मते संगीताच्या तासाची सुरुवातच या प्रश्नाने व्हायला हवी. प्रत्यक्षात तो तास स्वागतगीत आणि समूहगीत बसवण्यात जातो, आणि चाचणी जवळ आली की गणिताचे शिक्षक तो मागून घेतात.

डॉल्बीची वकिली मला करायची नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा आहे, आणि मिरवणुकीत ती कुठल्या कुठे राहते हे सांगायला यंत्राची गरज नाही. पण मुलांना एवढेच सांगून थांबलो तर त्यांच्या पदरात फक्त एक मनाई पडते. त्यापेक्षा त्यांना जमैकातल्या किंग्स्टन शहराची गोष्ट सांगावी. १९५० च्या दशकात तिथल्या गरीब वस्त्यांमध्ये ज्यांना नाचघराचे तिकीट परवडत नव्हते, त्यांच्यासाठी उघड्या जागेवर स्पीकरच्या भिंती उभ्या राहू लागल्या. त्यांना ‘साउंड सिस्टीम’ म्हणत, आणि कोणाचा आवाज भारी यावरून त्यांच्यात ईर्ष्या असे; अगदी आपल्या मंडळामंडळांत असते तशीच. त्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा मुलगा पुढे न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात राहायला गेला आणि ‘डीजे कूल हर्क’ म्हणून ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट १९७३ मध्ये त्याच्या बहिणीने, शाळा सुरू होण्यापूर्वी नव्या कपड्यांसाठी पैसे जमावेत म्हणून, इमारतीतल्याच एका खोलीत नाचाचा कार्यक्रम ठेवला. गाण्यातला गायकाचा भाग संपून नुसता ताल उरतो त्या तुकड्याची नाचणारी पोरे वाट बघत असतात, हे हर्कने हेरले होते. म्हणून एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन यंत्रांवर लावून तो हा तुकडा लांबवीत असे. हिप-हॉपचा जन्म याच खोलीत झाला असे मानतात.

ही गोष्ट मी नववीच्या वर्गात सांगितली, तेव्हा एरवी मागच्या बाकावर पेंगणारा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, म्हंजे आमच्या मंडळागतच की!” त्यानंतर तो जे बोलला ते कुठल्याही निबंधात येत नाही. डॉल्बीचा आवाज कानाला ऐकू येण्याआधी छातीत घुमतो, म्हणून शेजारच्याशी बोलावेच लागत नाही आणि तरी सगळे एकत्र असल्यासारखे वाटते, असे त्याचे म्हणणे होते. कमी कंपनांचा खर्ज कानाइतकाच अंगालाही जाणवतो, हे विज्ञानाच्या शिक्षकांना वेगळे शिकवावे लागते. या मुलाला ते अनुभवाने ठाऊक होते.

त्याच तासाला आम्ही आणखी एक प्रयोग केला. इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांत ‘ड्रॉप’ नावाची जागा असते : ठेका काढून घेतला जातो, आवाज चढत जातो, सगळे श्वास रोखतात आणि मग खर्जासह ठेका एकदम कोसळतो. ते ऐकवून झाल्यावर मी मुलांना तीनतालाच्या सोळा मात्रा टाळीवर मोजायला लावल्या आणि तबल्याची एक तिहाई ऐकवली. तोच बोल तीनदा येतो आणि तिसऱ्यांदा नेमका समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडतो. पहिल्या वेळी कोणाला काही कळले नाही. पुढच्या खेपेला अर्धा वर्ग समेवर बाकावर हात आपटत होता. अपेक्षा ताणायची आणि मग ती पुरी करायची, ही दोन्हीकडची युक्ती एकच आहे, हे मला फळ्यावर लिहावे लागले नाही. शेवटी कोणीतरी बाकावर हलगीचा ठेका धरला आणि शेजारच्या वर्गाचे सर विचारायला आले, ते अपेक्षितच होते.

एका पालकांनी मला सुनावले, “हे सगळं पोरं मोबाईलवर ऐकतातच की, शाळेत आणि कशाला?” मोबाईलवर पुढचे गाणे कोणते लागणार हे मोबाईलच ठरवतो, आणि आधी ऐकले त्याच्याच जातीचे गाणे तो बहुधा पुढे करतो. रॅप ऐकणाऱ्या मुलासमोर शाहीर पिराजीराव सरनाईकांचा पोवाडा तो आपणहून कशाला ठेवील? आणि हा मुलगा पिराजीरावांच्याच गावात राहतो! डफाच्या ठेक्यावर गद्य आणि पद्य यांच्या सीमेवरून शब्द फेकत नेणारा शाहीर आणि माइक हातात धरलेला रॅपर यांच्यात साम्य कोणते, फरक कोणता, हे मुलांनी दोघांनाही ऐकूनच ठरवावे.

दुसरा आक्षेप अभिरुचीचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पण ‘तरुणांचे थिल्लर संगीत’ ही तक्रार नवी नाही. माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या कारकिर्दीत, १९५२ च्या सुमारास, आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांची अभिरुची सुधारावी हा हेतू होता. झाले असे की श्रोत्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोन या केंद्राकडे वळवली, अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोचली आणि १९५७ मध्ये सरकारलाच ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. आपल्या कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी १९११ मध्ये ‘मानापमान’ नाटकाला उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली दिल्या, तेव्हा त्या नव्याच होत्या. आज आपण त्यांना अभिजात परंपरा म्हणून मिरवतो.

तरीही सगळे सारखेच चांगले, असे मी वर्गात म्हणत नाही. माझा एकच नियम आहे. ज्याने गाणे आणले त्याने ते लावण्यापूर्वी त्याचे शब्द वर्गासमोर, मुलींसमोर, स्पष्ट वाचून दाखवायचे. बरीच गाणी तिथेच मागे घेतली जातात आणि मला एक शब्दही बोलावा लागत नाही. जी उरतात त्यांत कधी बेकारीवरचा राग असतो, कधी जातीचा अपमान, तर कधी नुसती महागड्या गाडीची फुशारकी. त्यावर मुलेच एकमेकांना धारेवर धरतात.

अडचण आहे ती शिकवणाऱ्यांची. ज्या शहरात शाहू महाराजांच्या दरबारी गवई अल्लादिया खाँ होते, जिथे देवल क्लबसारखी जुनी संगीतसंस्था आहे आणि तालमीतालमींतून हलगी-घुमके वाजवणारे हात आहेत, तिथे वर्गात बोलवायला माणसांची वाण नाही. परंतु हलगीवादकाकडे बी.एड.ची पदवी नसते आणि पाहुण्या वादकाचे मानधन कोणत्या खर्चात दाखवायचे, हे कोणालाच ठाऊक नसते. आमच्या शाळेत हा प्रश्न तूर्त शिक्षकांच्या वर्गणीतून सुटला आहे. इतर शाळांनी काही वेगळी वाट काढली असेल, तर प्रतिक्रियांत जरूर लिहावे. येत्या सत्रात आम्हाला एक हलगीवादक आणि एक रॅप करणारा मुलगा एकाच तासाला वर्गात आणायचे आहेत.